‘ओसी’ लिहिलेलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, की साधं घेऊन घरीच ओव्हरक्लॉक करावं?

भाच्याचा पहिला पीसी बांधायचा होता, म्हणून आम्ही दोघं नागपूरच्या बर्डीवर गेलो होतो. दुकानदाराने काउंटरवर आरटीएक्स ४०६० ची दोन खोकी ठेवली. कंपनी तीच, मालिका तीच, दोन्हींवर दोन-दोन पंखे आणि दोन्हींत ८ जीबी मेमरी. एका खोक्याच्या कोपऱ्यात मात्र ‘ओसी’ (म्हणजे ओव्हरक्लॉक, चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) ही दोन अक्षरं जास्त होती आणि किंमत अठराशे रुपयांनी जास्त होती. भाचा लगेच म्हणाला, “मामा, ओसीवालंच घेऊ ना, ते फास्ट असतं.”

मी मोबाइलवर दोन्ही मॉडेलचे आकडे काढून त्याच्यापुढे धरले. साध्या कार्डाचा बूस्ट क्लॉक (भाराखाली चिपने गाठायचा छापील वेग) २४६० मेगाहर्ट्झ, ओसीवाल्याचा २४९०. फरक ३० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सव्वा टक्का. ज्या गेममध्ये साधं कार्ड सेकंदाला ८० फ्रेम देईल, तिथे हे ८१ देईल. आम्ही साधं कार्ड घेतलं, उरलेल्या पैशांत कॅबिनेटला दोन चांगले पंखे बसवले आणि त्याच रात्री घरी ते ३० मेगाहर्ट्झ फुकटात मिळवले, वर आणखी थोडे.

ते कसं करायचं ते इथे सांगतो. नवीन माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, त्यामुळे काही गोष्टी अगदी मुळापासून येतील.

कारखान्यात नेमकं काय करतात?

ग्राफिक्स चिप एनव्हिडिया किंवा एएमडी बनवते. ती घेऊन असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर अशा कंपन्या स्वतःचा बोर्ड आणि कूलर लावून कार्ड विकतात. चिप बनवणारी कंपनी एक मूळ क्लॉक ठरवून देते. कार्ड बनवणारी कंपनी बायोसमध्ये (कार्डात कायम भरलेल्या प्रोग्राममध्ये) तो आकडा थोडा वाढवते आणि खोक्यावर ओसी छापते. मधल्या किमतीच्या कार्डांत साध्या आणि ओसी मॉडेलचा बोर्ड आणि कूलर बहुतेकदा एकच असतो, फरक असतो तो बायोसमधल्या आकड्याचा.

आकडा वाचताना एक खाच लक्षात ठेवा. काही खोक्यांवर दोन क्लॉक छापलेले असतात. असूसच्या आरटीएक्स ४०६० ड्युअल ओसीचंच घ्या: ओसी मोड २५३५ आणि डिफॉल्ट मोड २५०५. कार्ड लावून पीसी चालू केला की मिळतो तो डिफॉल्टवाला. २५३५ साठी कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून मोड बदलावा लागतो. म्हणजे ‘फॅक्टरी’ ओव्हरक्लॉकचा शेवटचा तुकडा इथेही तुम्हालाच घरी करायचा असतो.

पूर्वी हे गणित वेगळं होतं. २०१० साली आलेल्या जीटीएक्स ४६० चा मूळ क्लॉक ६७५ मेगाहर्ट्झ होता आणि ते कार्ड सहज ८०० च्या पुढे जायचं. तेव्हा ओव्हरक्लॉक करणं म्हणजे वरच्या किमतीचं कार्ड फुकटात मिळवण्यासारखंच होतं. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणलं आणि चित्र पालटलं. तेव्हापासून तापमान, वॉट आणि व्होल्टेज यांत जागा दिसली की कार्ड स्वतःच क्लॉक वर नेतं. माझ्या आरटीएक्स ३०६० वर बूस्ट क्लॉक १८०७ छापला आहे, पण गेममध्ये ते १९०० च्या वरच असतं. छापील आकडा हा कमीत कमी अपेक्षेचा आकडा आहे, प्रत्यक्ष वेगाचा नव्हे. दुकानात दोन खोक्यांवरचे आकडे ताडून पाहताना हे विसरू नका.

मग जास्त पैसे द्यावेत कशाला?

कूलरला. तिथे पैसा खरोखर कामी येतो. चिप गार राहिली तर बूस्ट आपोआप वर टिकतो. एनव्हिडियाच्या अलीकडच्या कार्डांत तापमान वाढत गेलं की क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरतो, आणि ही उतरण ८३ अंशांच्या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी आधी सुरू होते. म्हणजे चांगला कूलर हाच एक शांत, न दिसणारा ओव्हरक्लॉक आहे. शिवाय पंख्यांचा आवाज कमी होतो, आणि रात्री घरच्यांची झोप मोडत नाही हे काही थोडकं नाही.

कूलरच्या पाठोपाठ बघायचं ते वॉरंटीची मुदत आणि तुमच्या शहरातलं सर्व्हिस सेंटर. तिसरी गोष्ट ड्युअल बायोसची, म्हणजे एकाच कार्डात दोन बायोसची. असूसच्या टफ मालिकेतल्या अनेक कार्डांच्या कडेला एक इवलंसं बटण असतं, पी आणि क्यू लिहिलेलं: परफॉर्मन्स आणि क्वायट. ते असलं तर उत्तम. या तीन गोष्टी मिळत असतील आणि खोक्यावर ओसी असेल, तर खुशाल घ्या. नुसत्या ओसी अक्षरांसाठी हजार रुपयेही देऊ नका.

“पण कंपन्या ओसीसाठी चांगल्या चिपा निवडतात ना?” हा प्रश्न नेहमी येतो. एकेकाळी हे उघडपणे होत असे. २०१८ मध्ये आरटीएक्स २०७०, २०८० या पिढीत एनव्हिडिया एकाच चिपचे दोन प्रकार पुरवत होती. नावात ‘ए’ असलेली चिपच फॅक्टरी ओव्हरक्लॉकसाठी वापरायची, दुसरी स्वस्त कार्डांसाठी. पुढच्याच वर्षी ही वाटणी बंद झाली. आज अगदी वरच्या, महागड्या मॉडेलांत निवड होत असेलही. मधल्या किमतीत मी तरी तिच्या भरवशावर पैसे टाकणार नाही.

फॅक्टरीत केलेला ओव्हरक्लॉक म्हणजे शंभर टक्के स्थिर, असंही समजू नका. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आलं तेव्हा अनेकांची कार्डं २००० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचली की गेम बंद पडायचा. एनव्हिडियाला त्याच महिन्यात नवा ड्रायव्हर काढावा लागला. माझ्या स्वतःच्या एका जुन्या ओसी कार्डाने मला दोन महिने छळलं होतं. गेम सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांत स्क्रीन काळी. सर्व्हिस सेंटरला दोनदा नेलं, दोन्ही वेळा “आमच्याकडे टेस्टिंगमध्ये पास झालंय” म्हणून परत. शेवटी मी क्लॉक ५० मेगाहर्ट्झने खाली आणला आणि ते कार्ड पुढे चार वर्षं निमूट चाललं. खाली दिलेल्या पायऱ्या उलट्या दिशेनेही तितक्याच उपयोगी आहेत, हे मी तेव्हा शिकलो.

हात घालण्याआधी

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बघा. निनावी, हलका, कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेला एसएमपीएस असेल तर ओव्हरक्लॉकचा विचार आधी बाजूला ठेवा आणि तो बदला. कार्डाला दोन ८-पिन सॉकेट असतील तर दोन वेगळ्या केबल लावा; एकाच केबलच्या दोन शेपट्या नकोत. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट आणि एका ८-पिन केबलमधून १५० वॉट असा हिशेब असतो.

धूळ काढा. कॅबिनेट उघडून ब्लोअरने पंखे आणि हीटसिंक साफ करा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. विदर्भातल्यांसाठी एक खास सूचना: उन्हाळ्यात डेझर्ट कूलरची हवा थेट पीसीवर येईल असं टेबल ठेवू नका. ती हवा गार असते, पण ओलीही असते, आणि तिच्यातली धूळ हीटसिंकवर चिकटून बसते.

मग सॉफ्टवेअर. कार्डाचा क्लॉक आणि पंखा बदलायला एमएसआय आफ्टरबर्नर घ्या. नाव एमएसआयचं असलं तरी कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. ते एमएसआयच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. याच नावाच्या बनावट साइट बनवून व्हायरस पसरवण्याचे प्रकार झाले आहेत. सोबत येणारं रिव्हाट्यूनर टाकू द्या, गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दाखवतं ते हेच. जोडीला कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड, आणि चाचणीसाठी युनिजिन हेवन किंवा थ्रीडीमार्कचं टाइम स्पाय. दोन्हींची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. फरमार्क या कामासाठी वापरू नका. ते कार्डाला वॉटच्या मर्यादेवर इतकं दाबतं की क्लॉक खालीच राहतो, आणि वरच्या क्लॉकची परीक्षा होतच नाही.

एएमडीचं कार्ड असेल तर एएमडीच्याच अॅड्रेनॅलिन सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स आणि मग ट्यूनिंग या टॅबवर सगळं मिळतं, वेगळं काही टाकायची गरज नाही. लॅपटॉपवाल्यांनी मात्र फार आशा धरू नये. तिथे वॉटची मर्यादा बहुधा कुलूपबंद असते आणि उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते.

पहिली पायरी: काहीही न बदलता मोजा

ही पायरी सगळेच गाळतात आणि मग आपल्याला मिळालं काय, हेच त्यांना कळत नाही. एक वही घ्या. हेवन वीस मिनिटं चालवा, म्हणजे कार्ड नीट तापेल. मग स्कोअर, क्लॉक, तापमान, वॉट आणि पंख्याचा वेग लिहून ठेवा. खोलीचं तापमानही लिहा. जानेवारीत नागपुरात खोली २० अंशांवर असते, मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा ३८. कार्ड खोलीतलीच हवा ओढतं, त्यामुळे खोली जितकी तापते जवळजवळ तितकंच कार्डही तापतं.

दुसरी पायरी: मर्यादा वाढवा, पंखा नीट लावा

आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी उजवीकडे शेवटपर्यंत सरकवा. काही स्वस्त मॉडेलांवर ती १०० च्या पुढे सरकतच नाही. तसं असेल तर तुमच्या हातात क्लॉकच उरतो आणि तेही चालतं. कोअर व्होल्टेजची पट्टी आहे तशीच राहू द्या. नवीन माणसाला तिच्यातून उष्णतेशिवाय फारसं काही मिळत नाही.

पंख्याचा वक्र सेटिंगमध्ये जाऊन आखता येतो. मी ६० अंशांना ५० टक्के आणि ७५ अंशांना ७५ टक्के ठेवतो. तुमच्या कानाला सोसेल तसं बदला.

तिसरी पायरी: कोअर क्लॉक

हेवन खिडकीत चालू ठेवा, शेजारी आफ्टरबर्नर. कोअर क्लॉकला (चिपच्या वेगाला) +३० द्या आणि बरोबरची खूण दाबा. पाच मिनिटं बघा. मग +४५, +६०, असं १५-१५ ने पुढे. १५ च का? कारण अलीकडच्या एनव्हिडिया कार्डांचा क्लॉक तितक्याच पायऱ्यांनी हलतो. +३७ लिहिलंत तरी कार्ड ते जवळच्या पायरीवर नेऊन ठेवतं.

इथे एक चूक हमखास होते. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं असतं, “माझं +१५० वर चालतं.” तो आकडा त्याच्या कार्डाच्या मूळ क्लॉकच्या वरचा असतो. ओसी कार्डात कारखान्यातले ३० किंवा ६० मेगाहर्ट्झ आधीच मिसळलेले असतात आणि तरीही आफ्टरबर्नर तिथे शून्यच दाखवतं. म्हणजे ६० चा ओसी असलेल्या कार्डावरचे +९० आणि साध्या कार्डावरचे +१५० एकाच ठिकाणी येऊन पोचतात. दुसऱ्याचा आकडा उचलू नका. एकाच दिवशी बनलेल्या दोन चिपाही सारख्या निघत नाहीत.

सीमा ओलांडली की काय होतं? कोअर जास्त झाला तर चित्र क्षणभर थिजतं, स्क्रीन काळी होते आणि गेम बंद पडून डेस्कटॉप परत येतो. ग्राफिक्स ड्रायव्हरने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज तो पुन्हा सुरू करतं, त्याचा हा परिणाम. पहिल्यांदा पोटात गोळा येतो. घाबरू नका, कार्ड जळालेलं नसतं. पीसी रिस्टार्ट करा, शेवटचा चाललेला आकडा वहीत बघा आणि त्याहून ३० खाली या.

चौथी पायरी: मेमरी, आणि तिचा फसवा स्वभाव

आधी आकड्यांचा गोंधळ सोडवू. आरटीएक्स ३०६० ची मेमरी जीपीयू-झेडमध्ये १८७५ दिसते, आफ्टरबर्नरमध्ये ७५०१ आणि खोक्यावर १५ गिगाबिट. तिन्ही एकच आहेत: १८७५ च्या चौपट साधारण ७५००, आणि त्याच्या दुप्पट १५,०००. आफ्टरबर्नरमध्ये +५०० दिलं म्हणजे खोक्यावरच्या भाषेत १५ चे १६ झाले.

कोअरचा आकडा कायम ठेवून मेमरी १०० च्या पायऱ्यांनी वाढवा, पण प्रत्येक पायरीला स्कोअर लिहा. मेमरी कोअरसारखी पटकन पडत नाही, म्हणूनच ती फसवते. विशेषतः जीडीडीआर६एक्स या प्रकारच्या मेमरीत चूक पकडून माहिती पुन्हा पाठवण्याची सोय आहे. सीमा ओलांडली तरी गेम चालत राहतो, पडद्यावर सगळं छान दिसतं, फक्त पुन्हा पाठवण्यात वेळ जातो आणि स्कोअर हळूच खाली येतो. मित्राच्या आरटीएक्स ४०७० वर आम्ही आकडा वाढवत होतो. स्कोअर वाढला, वाढला, मग थबकला आणि पुढच्या पायरीला चक्क घसरला. वहीत लिहिलं नसतं तर आम्ही ‘जास्त मेमरी’ लावून कार्ड सावकाश करून बसलो असतो. स्कोअर थबकला तिथून दोनशे मागे या.

साध्या जीडीडीआर६ मध्ये चूक बहुतेक वेळा डोळ्यांना दिसते. हेवनमध्ये तो ड्रॅगनचा पुतळा येतो ना, त्याच्यावर नजर ठेवा. पंखांच्या कडेला किंवा मागच्या आकाशात एखादा हिरवा-गुलाबी ठिपका लुकलुकून गेला तर तो चित्राचा भाग नाही. तिथेच थांबा आणि मागे फिरा.

पाचवी पायरी: खरी परीक्षा

बेंचमार्क (हेवनसारखी चाचणी) अर्धा तास चालला म्हणजे काम झालं, असं मलाही वाटलं होतं. माझं ३०६० कोअर +१५० वर हेवनमध्ये तासभर छान चाललं आणि रात्री रे ट्रेसिंगवाला (प्रकाशकिरणांचं गणित करून चित्र काढणारा) गेम लावल्यावर विसाव्या मिनिटाला बंद पडलं. +१०५ वर आणलं, तेव्हापासून तक्रार नाही. रे ट्रेसिंग चिपच्या ज्या भागांना कामाला लावतं, त्यांना हेवन हातही लावत नाही. म्हणून तुम्ही खरोखर जे गेम खेळता ते निदान तीन-चार दिवस खेळा. थ्रीडीमार्कची सशुल्क आवृत्ती असेल तर टाइम स्पायची स्ट्रेस टेस्ट लावा. ती वीस फेऱ्या करते, आणि पास व्हायला फेऱ्यांमधलं सातत्य निदान ९७ टक्के लागतं.

हे सगळं होईपर्यंत ‘विंडोजबरोबर ओव्हरक्लॉक लागू करा’ ही खूण चालू करू नका. अस्थिर आकडा प्रत्येक वेळी पीसी सुरू होताना लागला तर सुटका करून घेणं उगाच कटकटीचं होतं.

एवढं सगळं नको असेल तर एनव्हिडियाच्या स्वतःच्या अॅपमध्ये ऑटोमॅटिक ट्यूनिंग आहे. बटण दाबा, चहा करून या. ते स्वतःच तपासून आकडा लावतं. सावधपणे लावतं, त्यामुळे हाताने मिळेल त्याहून थोडं कमी मिळतं. पण सुरुवातीला वाईट नाही.

मला सर्वांत आवडणारी पायरी: अंडरव्होल्ट

आपल्याकडच्या उन्हाळ्यात, माझ्या मते, ओव्हरक्लॉकपेक्षा हेच, म्हणजे चिप कमी व्होल्टेजवर चालवणं, जास्त मोलाचं आहे. चिपची वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.०५ व्होल्टवर चालणारी चिप त्याच क्लॉकला ०.९० व्होल्टवर चालली, तर तिची कामाची वीज जवळजवळ पाव हिश्शाने घटते. तितकीच उष्णता कमी, तितकाच पंखा शांत.

करायचं असं. आधी वर लावलेले कोअरचे आकडे शून्यावर आणा. आफ्टरबर्नर उघडून कंट्रोल आणि एफ एकत्र दाबा. खाली व्होल्टेज आणि उभ्या बाजूला क्लॉक असा आलेख उघडेल. मुख्य खिडकीत कोअर क्लॉक −२५० करून खूण दाबा, पूर्ण रेघ खाली येईल. आता आलेखात ९०० मिलिव्होल्टवरचा ठिपका माउसने धरून वर ओढा. ३०६० साठी सुरुवात १८०० पासून करा. पुन्हा खूण दाबली की त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेघ सपाट होते, म्हणजे कार्ड त्याहून जास्त व्होल्टेज मागणार नाही. मग आधीसारखीच परीक्षा: पडलं तर १५ ने खाली, चाललं तर १५ ने वर. माझं १८४५ वर स्थिरावलं. फ्रेम दोन-तीनच कमी झाल्या, तापमान मात्र मे महिन्यातही सत्तरीच्या आत राहिलं.

वॉरंटीचं काय?

आफ्टरबर्नरमधले बदल सॉफ्टवेअरपुरते असतात. ते काढून टाकलं की कार्ड मूळ सेटिंगवर येतं. तरीही ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही असं बऱ्याच कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं असतं आणि एएमडी तर अॅड्रेनॅलिनमध्येच तशी सूचना दाखवते. तेव्हा अटींचा कागद आधी वाचा. दुसऱ्या मॉडेलचा बायोस आपल्या कार्डात भरण्याच्या फंदात पहिल्या वर्षी तरी पडू नका. सॉफ्टवेअरच्या पट्ट्यांना कंपनीने ठरवलेली हद्द असते, बायोस बदलताना ती उरत नाही, आणि मध्येच वीज गेली तर कार्ड तिथल्या तिथे मुकं होऊ शकतं.

आकडे पक्के झाले की आफ्टरबर्नरमध्ये दोन प्रोफाइल साठवा. पहिलं थंडीचं, ओव्हरक्लॉकवालं. दुसरं उन्हाळ्याचं, अंडरव्होल्टवालं. दोन्हींचे आकडे वहीतही लिहून ठेवा, कारण ड्रायव्हर नव्याने टाकला की आखलेली रेघ थोडी सरकलेली सापडू शकते. अपडेटनंतर प्रोफाइल पुन्हा लावा, आलेख उघडून ९०० मिलिव्होल्टचा ठिपका जागेवर आहे का ते बघा आणि वीस मिनिटं हेवन चालवून मगच गेम सुरू करा.